कबरीवरचा शंख

बायनाला ते स्वप्न तिसऱ्यांदा पडलं, आणि तिसऱ्यांदा तिनं ते गिळून टाकलं.

स्वप्न साधंच होतं. नदीवर धुकं. धुक्यात एक होडी. होडीला आठ वल्ही, पण आठव्या वल्ह्यावर कुणीच नाही. ते आपलं आपण पाणी कापतंय. आणि धक्क्यावर क्वॉश मुकादम उभा, तोंडाला शंख लावलेला, गाल फुगलेले. आवाज मात्र येत नाही. ती जागी होई तेव्हा ओठ खारट लागत.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, स्वप्नच ते, कूस बदल आणि झोप. पण बायना तेव्हा शोधात होती. बेटावर ज्याला प्रार्थनाघरात जागा हवी असे, त्याला आधी रानात जाऊन देव शोधावा लागे. डोक्याला पांढरा दोरा बांधायचा, हसायचं-खिदळायचं नाही, पहाटे आणि दिवस बुडताना आपल्या ठरलेल्या झाडाखाली बसायचं आणि जे दिसेल ते बघायचं. स्वप्नात जो माणूस पहिल्यांदा दाखवला जाईल तो आपला गुरू. त्याच्या दारात जाऊन तसं सांगायचं आणि मग रोजची स्वप्नं त्याच्यापुढे ठेवायची. तो म्हणेल 'पार झाली', तेव्हाच पार. गुरू आपण निवडत नाही, आणि दाखवला गेलेला नाकारताही येत नाही.

शोधाला निघतात ती पंधरा-सोळा वर्षांची पोरं. बायना चाळिशी ओलांडलेली. वस्तीतल्या बायका म्हणत, "बायना, तुझ्या डोक्यावरचा दोरा कुठला आणि केस कुठले, लांबून कळतच नाही गं." बायना हसत नसे, कारण शोधात हसायचं नसतं, एरवी तिनं असं उत्तर दिलं असतं की त्यांना आठवडाभर पुरलं असतं.

तिला देवाची फार घाई होती असं नाही. तिला हवं होतं एकच. प्रार्थनाघरात रविवारी ज्यांना जागा आहे, ते उभे राहून आपल्या हरवलेल्या माणसाचं नाव घेतात, आणि सगळी खोली ते नाव उचलते, पाय जमिनीवर आपटत, टाळ्या देत, छप्पर हलेपर्यंत. जागा नसलेल्यांनी भिंतीपाशी गप्प बसायचं. बायना अडीच वर्षं भिंतीपाशी बसून होती. तिच्या मिंगोचं नाव एकदाही त्या खोलीत कुणी घेतलं नव्हतं.

मिंगो नदीपलीकडे होता. कूसॉ नदी काही फार रुंद नाही. वारा पडला की पलीकडचा कोंबडा अलीकडे ऐकू येतो. पण अलीकडे सगळे मोकळे होते आणि पलीकडे सगळे अजून गुलाम, कुणाच्या ना कुणाच्या मालकीचे. देश मधोमध फाटला होता, आणि फाटला होता तो नेमका इथं, बायनाच्या कपडे धुवायच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर. उत्तरेच्यांनी निळे डगले घातले, दक्षिणेच्यांनी करडे, आणि माणसं मारायला लागले. शहाणे लोक सांगत की भांडण फार मोठं आहे, राज्यांचे हक्क आहेत, कर आहेत. बायना म्हणे, असेल बाई. माणूस विकावा की विकू नये, एवढंच मला विचारलं असतं तर मी उभ्या उभ्या सांगितलं असतं, इतकी पोरं मरायचं कारण नव्हतं.

निळ्या डगल्यांची जहाजं आली तो दिवस बेटावर कुणी विसरलेलं नाही. सकाळभर तोफा. दुपारी मालकाच्या घरातली चांदी, गाद्या, पियानोसुद्धा पडावावर, त्या मोठ्या सपाट होडीवर, चढला. पडाव पलीकडे न्यायला आठ वल्हेकरी हवे होते. क्वॉश मुकादमानं शंख फुंकला, दोन लांब, एक आखूड, जसा तो रोज पहाटे कापसाच्या शेतावर बोलवायला फुंके. लोक जमले. त्यानं आठ नावं घेतली. आठवं नाव मिंगो. सतरा वर्षांचा पोर, हातात अर्धं रताळं होतं ते त्यानं आईच्या हातात दिलं, पुढच्या दातांतली फट दाखवत हसला आणि म्हणाला, "ठेव, आलोच." पडाव गेला आणि नदी सरहद्द झाली. वल्हेकऱ्यांतला एकही परत आला नाही.

त्या दिवसापासून बेट मोकळं. लोकांनी क्वॉशला मारलं नाही. मुकादम त्यांच्यातलाच, काळाच. मालकाचा चाबूक मात्र त्याच्या हातात असायचा. त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, एवढंच. आणि बेटावर पुन्हा शंख वाजायचा नाही असं ठरलं. पहिले दोन महिने लोक मुद्दाम उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहत. टायटस बाबा, प्रार्थनाघराचा म्होरक्या, कबूल करायचा की त्याला जाग त्याच वेळी येते, पण तो डोळे मिटून पडून राहतो, कारण ते सुख त्यानं सत्तर वर्षं उधार ठेवलं होतं.

अशा माणसाला बायना गुरू कशी म्हणणार? टायटस बाबानं विचारलं, "कोण दाखवलं गेलं तुला?" तेव्हा ती पापणी न लववता म्हणाली, "हेगर मावशी."

हेगर मावशी वस्तीतली सुईण. तिनं निम्मं बेट आपल्या हातावर झेललं होतं. रोज पहाटे ती टोपली विणत बसे आणि बायना तिच्यापुढे स्वप्नं मांडे. खरं स्वप्न सांगता येत नव्हतं, म्हणून रचलेली. पांढरं कोकरू दिसलं. पांढरी कोंबडी दिसली. एक माणूस मला विहिरीतून पाणी पाजत होता.

तिसऱ्या आठवड्यात मावशीनं टोपली बाजूला ठेवली.

"बायना, हे कोकरू मागच्या साली सिबीच्या पोरीचं होतं. कोंबडी त्याच्या आदल्या सालची. आता ही विहीर कुणाची आणलीस?"

बायनानं टोपलीचं एक गवत उचलून बोटाला गुंडाळलं.

"अगं, मी आंधळी होत चाललेय, बहिरी नाही. तुला मी दाखवली गेलेच नाही. खरं कोण आलं?"

"क्वॉश."

मावशी म्हणाली, "मग जा त्याच्याकडे."

"त्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही. त्यानं माझं पोर नेलं."

"स्वप्नात कोण यावं हे आपल्या हातात असतं ना, तर मी माझ्या नवऱ्याला कधीच येऊ दिलं नसतं. अजून येतो मेला आणि जेवायला काय आहे म्हणून विचारतो." मावशीनं टोपली पुन्हा उचलली. "जायचं की नाही ते तू बघ. पण माझ्याकडे दुसऱ्यांची कोंबडी घेऊन येऊ नकोस."

बायना तरीही गेली नाही. हट्टी बाई ती, गेलीच नसती. पण त्या रविवारी धुकं पडलं.

वसंतातलं तिथलं धुकं म्हणजे भाताच्या पेजेसारखं. त्यात हात घातला की हात नाहीसा. सकाळी नदीवरून वल्ह्यांचा आवाज आला. पलीकडून कुणीतरी निसटून येत होतं. धक्क्यावरच्या लोकांना पाणी ऐकू येत होतं, एका बाळाचं रडणंही ऐकू आलं, पण खाजणात, त्या खाऱ्या दलदलीत, शंभर वाटा, त्यातली धक्क्याची कुठली हे होडीतल्यांना कळेना. लोकांनी हाका मारल्या. धुक्यात हाक चहूकडून येते. वल्हं जवळ आलं, लांब गेलं, पुन्हा जवळ आलं, आणि मग गोल फिरून निघून गेलं. थोड्या वेळानं पलीकडच्या काठावर तीन गोळ्यांचे आवाज झाले. मग बाळ ऐकू आलं नाही.

बायना धक्क्यावर गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्या ओठांना खारट चव आली, आणि या वेळी ती जागी होती.

त्याच संध्याकाळी ती वस्तीच्या शेवटच्या झोपडीपाशी गेली. क्वॉश दारात बसून मासे धरायचं जाळं विणत होता. तिची सावली पडली तरी त्यानं मान वर केली नाही. अडीच वर्षांत त्याच्या दारात सावल्या फक्त ढगांच्याच पडल्या होत्या.

"तू मला दाखवला गेलास," बायना म्हणाली. शब्द ठरलेले होते, ते तिनं तोंडातून खडे थुंकावेत तसे टाकले.

जाळ्याची सुई थांबली.

"चुकली असशील. नीट बघ. टायटस असेल. आम्ही दोघं पाठीतून सारखेच वाकलोय."

"तीन वेळा बघितलं. शंखासकट होतास."

शंख म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. तरी म्हणाला, "सांग मग."

तिनं सांगितलं. धुकं, होडी, आठवं वल्हं, आणि तो. क्वॉश ऐकत होता, डोळे जाळ्यावर. ती थांबल्यावर त्यानं असा प्रश्न विचारला जो तिला कधी सुचलाच नव्हता.

"माझं तोंड कुणीकडे होतं? शेताकडे, की नदीकडे?"

"शेताकडेच असणार. तू दुसरीकडे कधी फुंकलास?"

"असणार म्हणू नकोस. बघितलंस का?"

तिला आठवेना.

"परत जा आणि बघून ये," क्वॉश म्हणाला. आवाज मुकादमाचा नव्हता.

ती आपल्या ओकच्या झाडाखाली जाऊन बसली. वरून शेवाळाच्या करड्या जटा लोंबत होत्या आणि वाऱ्यानं तिच्या खांद्यांना लागत होत्या. खाजणातून भरतीचं पाणी चढत होतं, चिखलातल्या कालवांचे शिंपले उघडमीट करत टकटक वाजत होते. ती झोपली की नाही कुणास ठाऊक. पाणी चढत चढत झाडापर्यंत आलं, तिच्या मांडीवर आलं, कोमट होतं. पाण्यावरून धक्का तरंगत आला, त्यावर क्वॉश. ती उठून त्याच्याभोवती फिरली, जसं बाजारात माणसाला विकायला उभं केल्यावर लोक फिरत तसं, आणि तिनं त्याला नीट पाहून घेतलं. त्याची पाठ शेताकडे होती. पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते. तो नदीकडे तोंड करून फुंकत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

ती डोळे उघडून बसली तेव्हा आभाळात थोडा तांबडेपणा उरला होता. परत जाऊन तिनं तसंच सांगितलं.

"नदीकडे," क्वॉश म्हणाला. त्यानं जाळं खाली ठेवलं. "मग तुला ऐकावं लागेल. न सांगता मी तुला पार नेऊ शकत नाही."

"काय ऐकावं लागेल?"

"त्या दिवशी मालकानं नावं दिली नव्हती. आठ दणकट बघून घे, म्हणाला. मी निवडले. सात घेतले. आठवा माझा पोरगा एब्रम होता, तो समोरच उभा होता, सगळ्यांत दणकट तोच. माझं तोंड त्याच्या नावाशी आलं आणि तिथून वळलं. तुझा मिंगो माझी नक्कल करायचा, आठवतं? दोन ओंजळी जोडून माझ्या शंखाचा आवाज काढायचा. एकदा भर दुपारी काढला, तर अर्धं शेत काम सोडून उठलं. सगळे हसले होते मला. ते नाव जिभेवर पडूनच होतं. तेच बाहेर आलं."

बायनाला वाटलं, आता आपण ओरडू. पण नुसताच श्वास बाहेर पडला. अडीच वर्षं तिनं या माणसाचा द्वेष केला होता तो मालकाचा हात म्हणून. आता कळलं की हात त्याचा स्वतःचाच होता, आणि कारण काय, तर एक नक्कल, पोराची एक नक्कल. तिला त्याचा गळा धरावासा वाटला. मग आठवलं की एब्रम त्याच हिवाळ्यात देवीच्या साथीत गेला, मोकळेपणाच्या पहिल्या हिवाळ्यात. त्याला पुरताना क्वॉशच्या बाजूला कुणीही उभं नव्हतं. ती पण नव्हती.

"देवानं तुला बरोबर दिलं," ती म्हणाली आणि निघून आली.

तीन दिवस तिनं डोक्याचा दोरा सोडून चुलीपाशी टाकला होता. भाजलेली रताळी तशीच निवत पडत. मिंगोनं दिलेलं अर्धं रताळं तिनं तेव्हा कितीतरी दिवस ठेवलं होतं, त्याला कोंब फुटेपर्यंत; मग ते दाराशी पुरलं. त्याचे वेल आता कुडावर चढले होते. चौथ्या पहाटे तिनं दार उघडलं तर वेल दिसत नव्हता. कुडही दिसत नव्हता. पांढरं, दाट, नाकातोंडात जाणारं धुकं.

धुक्यातून, फार लांबून, वल्ह्याचा आवाज येत होता.

तिनं दोरा उचलून डोक्याला बांधला आणि धावत सुटली. क्वॉशचं दार तिनं लाथेनं उघडलं.

"शंख कुठाय?"

"एब्रमच्या कबरीवर." तो अंथरुणात उठून बसला. "तापात तो कानाला लावून पडायचा. समुद्र ऐकू येतो म्हणायचा. त्याची शेवटची वस्तू तीच."

"काढ."

"बायना, कबरीवरची वस्तू काढत नाहीत. मेलेला माणूस ती मागत दारात येतो. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. माझा जिवंत आहे आणि तो कुठल्याच दारात येऊ शकत नाही. काढ."

क्वॉशनं तिच्याकडे बघितलं, मग खुंटीवरचा पत्र्याचा पेला काढला. झोपडीत त्याच्याकडे पेला तेवढा एकच होता. दोघं ओकांच्या राईत गेली. कबरींवर फुटक्या बशा, चमचे, औषधाच्या बाटल्या, शिंपले, सगळं धुक्यानं ओलं झालेलं. क्वॉश एका लहान उंचवट्यापाशी गुडघ्यांवर बसला.

"एब्रम," तो म्हणाला, अगदी घरात बोलावं तसा. "तुझा शंख नेतोय. तुझ्या जागी जो गेला ना, त्याच्यासाठी. माझा पेला ठेवतो. राग आला तर माझ्याकडेच ये, हिच्याकडे जाऊ नकोस."

त्यानं पेला मातीत रोवला आणि शंख उचलला. आतून वाळू आणि एक खेकडा पडला.

धक्क्यावर निळ्या डगल्यातला पहारेकरी म्हणाला, "ए, पलीकडचे गोळ्या घालतील." बायना म्हणाली, "धुक्यावर घालू देत की. धुकं मरत नाही." क्वॉश पाण्यात उतरला, घोट्यापर्यंत, शेताकडे पाठ करून. त्यानं शंख तोंडाला लावला. पहिल्यांदा नुसती फुंकर आली. दुसऱ्यांदा आवाज आला. दोन लांब, एक आखूड.

वस्ती उठली ती तुटून पडायलाच आल्यासारखी. बायका, म्हातारे, कुणाच्या हातात कुदळ, कुणाच्या हातात चुलीतलं लाकूड. टायटस बाबा सगळ्यांत पुढे, एका पायात जोडा.

"कुणाला चढलीय मुकादमी परत? क्वॉश, तो शंख तुझ्या घशात घालीन मी."

बायना मध्ये उभी राहिली. "बाबा, हा दाखवला गेला मला. हेगर मावशी नाही, हा. मी खोटं बोलले होते. हा माझा गुरू आहे, आणि मी सांगितलं म्हणून फुंकतोय. रविवारी आपण हाका मारल्या, त्या होडीतल्यांना कळलं का हाक कुठून येतेय? हा आवाज एकाच जागेवरून येतो. कुठूनही ऐका."

मागून हेगर मावशी म्हणाली, "फुंकू द्या रे. त्या बाळाचं रडणं माझ्या कानातून जात नाही."

क्वॉश फुंकत राहिला. दोन लांब, एक आखूड. धुक्यात सगळे पुतळ्यांसारखे उभे, कुदळी खाली आलेल्या. वल्हं लांब गेलं. थांबलं. मग वळलं. आवाज सरळ यायला लागला, शंखाच्या रेषेत, आणि पांढऱ्यातून आधी होडीचं टोक आलं, मग एक बाई, तिच्या कुशीत दोन पोरं, मागे वल्ह्यावर एक म्हातारा. मिंगो नव्हता.

बायनानं होडीत दोनदा बघितलं. होडी लहान होती, दोनदा बघण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

लोकांनी त्या चौघांना ओढून वर घेतलं. बाईचे दात वाजत होते. "परत फिरणार होतो," ती म्हणाली. "शंख ऐकला आणि काळजात धस्स झालं. म्हटलं, मुकादम बोलावतोय."

सगळ्यांनी क्वॉशकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली.

"मग आलात कसे?" टायटस बाबानं विचारलं.

"आमच्याकडे शंख नाही, घंटा आहे. पण आम्ही मिठागरावर होतो ना, तिथं एक जण ओंजळीत फुंकून अस्साच आवाज काढतो. दोन लांब, एक आखूड. लोक हसतात. तो म्हणतो, माझ्या बेटावर असा वाजतो. म्हटलं, म्हणजे हे ते बेट."

बायना खाली बसली, चिखलातच. मग तिनं विचारलं, "काढतो म्हणालीस, की काढायचा?"

"काढतो. परवाच्या रात्रीही काढला. नाव नाही माहीत, बाई. पुढच्या दोन दातांत फट आहे, एवढं सांगते."

हेगर मावशीनं डोक्याच्या फडक्याचं टोक तोंडाला लावलं. त्या तोंडातून पहिलं रडणं बाहेर यायच्याही आधीपासून ती त्याला ओळखत होती.

टायटस बाबानं घसा साफ केला. त्याला काय करावं सुचत नव्हतं, म्हणून त्यानं रिवाजाचं विचारलं. "क्वॉश, तू हिचा गुरू. सांग, पार झाली का?"

क्वॉशनं शंखातलं पाणी झटकलं. त्याचे ओठ फुटले होते.

"नाही," तो म्हणाला. "एक वल्हं अजून रिकामं आहे."

बायना उठली. झगा चिखलानं माखला होता, दोरा डोळ्यांवर घसरला होता. ती पाण्यात त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, नदीकडे तोंड करून.

"फुंक, काका," ती म्हणाली.